कोकरांची वाढ आणि आनुवंशिक गुण

एकाच कळपात, एकाच पंधरवड्यात जन्मलेली आणि एकाच माळावर चरणारी कोकरे तीन महिन्यांनी काट्यावर घातली, तर सर्वांचे वजन सारखे भरत नाही. एखादे १५ किलो भरते, तर एखादे जेमतेम १० किलो. मेंढपाळ हा फरक रोज पाहत असतो. व्यापारी तर त्यावरच भाव ठरवितो. परंतु हा फरक कशामुळे पडतो, त्यांपैकी किती भाग पुढील पिढीत उतरतो आणि मेंढपाळाला त्याचा लाभ कसा करून घेता येईल, याचा विचार सहसा होत नाही. मेंढीपालनाचे उत्पन्न वाढविण्याच्या दृष्टीने हे तीन प्रश्न अत्यंत महत्त्वाचे आहेत.

पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण भागांत डेक्कनी मेंढी हा हजारो कुटुंबांचा आधार आहे. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी व कोल्हापुरी असे तिचे प्रकार प्रसिद्ध आहेत. पूर्वी तिच्या जाड लोकरीला घोंगडीसाठी चांगली मागणी होती. आता लोकरीचे उत्पन्न नाममात्र राहिले असून मेंढपाळाची मिळकत मुख्यतः विक्रीयोग्य कोकरांवर अवलंबून आहे. म्हणजेच कोकराच्या वजनातील प्रत्येक किलो हा त्याच्या संसाराचा प्रश्न होय.

वजनातील फरकाची कारणे

कोकराच्या वजनावर अनेक गोष्टींचा परिणाम होतो. आठ-दहा दिवस आधी जन्मलेले कोकरू साहजिकच अधिक वजनाचे असते. नर कोकरू मादीपेक्षा जलद वाढते. एकटे जन्मलेले कोकरू जुळ्यांतील कोकरापेक्षा जन्मतः जड असते आणि त्याला आईचे सर्व दूध मिळते. पहिलटकरीण मेंढीला दूध कमी असते. दोन-तीन वेते झालेल्या मेंढीचे कोकरू म्हणून अधिक भरते. गाभण मेंढीला शेवटच्या दीड महिन्यात पोटभर चारा मिळाला किंवा नाही, कोकराला जन्मल्याबरोबर चीक पाजला किंवा नाही, जंताचे औषध वेळेवर दिले किंवा नाही, यांचाही परिणाम वजनावर दिसून येतो.

ही सर्व कारणे बाजूला काढली, तरीसुद्धा काही फरक उरतोच. सारखेच वय, सारखीच आई व सारखेच संगोपन असूनही एक कोकरू दुसऱ्याच्या पुढे जाते. या उरलेल्या फरकात रक्ताचा, म्हणजेच आनुवंशिक गुणांचा भाग असतो. चाऱ्यामुळे आलेले वजन त्या कोकराबरोबरच संपते. बीजामुळे आलेले वजन मात्र त्याच्या संततीत अंशतः उतरते. पैदाशीच्या दृष्टीने या दोहोंतील भेद ओळखणे हेच खरे कौशल्य होय.

बीजाचा वाटा किती?

मेंढीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २७ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र बापाकडून व एक आईकडून येते. या गुणसूत्रांवर हजारो जनुके असतात व त्यांपैकी पुष्कळ जनुकांचा वाढीशी संबंध असतो. कोणी हाडांच्या वाढीवर, कोणी स्नायूंवर, कोणी भुकेवर, तर कोणी शरीरातील वाढीच्या संप्रेरकांवर थोडाथोडा परिणाम करते. आईबापांच्या जोडीतील कोणते गुणसूत्र कोकराच्या वाट्याला येईल, हे दैवावर असते. त्यामुळेच एकाच मेंढ्यापासून व एकाच मेंढीपासून झालेली दोन कोकरेही तंतोतंत सारखी निपजत नाहीत.

निरनिराळ्या देशांतील कळपांच्या नोंदींवरून असे आढळून आले आहे की, कोकरांच्या जन्मवजनात व दूध तोडतेवेळच्या वजनात जो फरक दिसतो, त्यांपैकी साधारणतः शेकडा १० ते २० भाग आनुवंशिक असतो. पुढे सहा महिने ते एक वर्ष वयाच्या वजनात हा भाग वाढून शेकडा २० ते ३० पर्यंत जातो. कोवळ्या वयात आईच्या दुधाचा प्रभाव मोठा असतो. म्हणून त्या वेळी कोकराचे स्वतःचे बीज झाकले जाते. दूध तुटल्यावर कोकरू स्वतःच्या बळावर वाढू लागते, तेव्हा त्याचे खरे गुण अधिक स्पष्टपणे दिसतात. यावरून निवडीसाठी केवळ तीन महिन्यांचे वजन न पाहता सहा महिन्यांचेही वजन का पाहावे, हे ध्यानात येईल.

एका जनुकाचा मोठा परिणाम

वाढीचे गुण बहुधा अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांतून साकार होतात. तथापि क्वचित एखाद्या जनुकातील किंचित बदलही मोठा परिणाम घडवून आणतो. हॉलंडमधील टेक्सेल बेटावरील मेंढ्या त्यांच्या भरदार पुठ्ठ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. शरीरात स्नायूंच्या वाढीला आवर घालणारे मायोस्टॅटिन नावाचे एक द्रव्य असते. टेक्सेल मेंढ्यांत या द्रव्याच्या जनुकातील एकच अक्षर बदललेले असून त्यामुळे हे द्रव्य कमी प्रमाणात तयार होते, असे २००६ साली सिद्ध झाले. आवर सैल झाला की स्नायू अधिक वाढतात, असा हा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण सावधगिरी शिकविणारे आहे. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात १९८३ साली डॉर्सेट जातीचा एक नर जन्मला. त्याचे मागील पुठ्ठे असाधारण भरदार होते आणि त्याच्या संततीतही हा गुण उतरला. मात्र बदललेले जनुक बापाकडून आले व आईकडून साधे जनुक आले, तरच तो गुण प्रकट होतो, असे पुढे आढळले. शिवाय अशा मेंढ्यांचे मांस चिवट निघाले. केवळ अंगाचा भरदारपणा पाहून पैदाशीचा नर ठरविणे किती फसवे असू शकते, याचा हा चांगला धडा आहे.

मेंढीच्या संपूर्ण आनुवंशिक रचनेचा आराखडा २०१४ साली प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडसारख्या देशांत रक्त किंवा कानाच्या तुकड्याची तपासणी करून तरुण नराच्या गुणांचा अंदाज बांधण्यात येतो. परंतु या तपासणीचा पाया हजारो कोकरांच्या वजनांच्या नोंदी हाच आहे. नोंदी नसतील, तर प्रयोगशाळेतील तपासणीला वाढीबद्दल काहीच सांगता येत नाही.

फलटण येथील कार्य

आनुवंशिक गुणांचा विचारपूर्वक उपयोग कसा करता येतो, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बंगालच्या सुंदरबन भागातील गरोळ मेंढी अत्यंत लहान चणीची असते; प्रौढ मादीचे वजन साधारण १० ते १४ किलोच भरते. परंतु तिला एका वेतात दोन-तीन कोकरे होतात. डेक्कनी मेंढी तिच्या सुमारे दुप्पट वजनाची असते. मात्र तिला बहुधा एकच कोकरू होते. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळ मेंढ्या आणून डेक्कनी व बन्नूर मेंढ्यांशी त्यांचा संकर करण्याचे कार्य हाती घेतले.

गरोळ मेंढीचा हा गुण एकाच मोठ्या परिणामाच्या जनुकामुळे येतो. हेच जनुक ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनो या मेंढ्यांतही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांबरोबर ते तिकडे पोचले, असे मानण्यात येते. जनुकातील नेमका बदल २००१ साली सापडला. त्यानंतर रक्त तपासून कोणत्या कोकरात हे जनुक आहे व कोणत्यात नाही, हे लहानपणीच सांगणे शक्य झाले.

पहिल्या संकरात जुळ्यांचा गुण आला, परंतु गरोळची लहान चणही त्याबरोबर आली. अशी लहान कोकरे मेंढपाळाला परवडणारी नव्हती. म्हणून जनुक असलेल्या संकरित मेंढ्यांचा पुनःपुन्हा मोठ्या चणीच्या मेंढ्यांशी संयोग करण्यात आला. प्रत्येक पिढीत रक्ततपासणीने जनुक असलेली कोकरे राखावयाची आणि लहान चण मागे टाकावयाची, असा हा क्रम होता. त्यातून ‘नारी सुवर्ण’ हा वाण तयार झाला. जुळे होण्याचा गुण व शरीराची चण हे दोन गुण वेगवेगळ्या जनुकांमुळे येतात. म्हणून एक राखून दुसरा सोडता येतो, हे या कार्याने दाखवून दिले.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. जुळ्यांतील प्रत्येक कोकरू एकट्या कोकरापेक्षा हलके असते. तरीही समजा, दोन कोकरे तीन महिन्यांनी प्रत्येकी १० किलोंची झाली, तर मेंढीने २० किलो वजन दिले. एकटे कोकरू १३ किलोंचे झाले, तर १३ किलोच दिले. मात्र जुळी पोसण्याइतके दूध व चारा मेंढीला मिळत असेल, तरच हा हिशेब खरा ठरतो. जेथे उन्हाळ्यात मेंढ्यांचे स्वतःचेच पोट भरत नाही, तेथे जुळी कोकरे हा लाभ नसून भार होतो.

उलटी निवड

आता आपल्या गावोगावच्या कळपांत काय घडते ते पाहू. कोकरे तीन-चार महिन्यांची झाली की व्यापारी वाड्यावर येतो. तो प्रथम सर्वांत थोराड नर कोकरे पसंत करतो. मेंढपाळाला पैशाची निकड असते आणि भावही बरा मिळतो, म्हणून ती विकली जातात. मागे राहतात ती हलकी, उशिरा वाढणारी कोकरे. पुढे त्यांपैकीच एखादे पैदाशीसाठी वापरले जाते किंवा न विकले गेल्यामुळे कळपात आपोआप नर म्हणून राहते. याचा अर्थ असा की, दर वर्षी वाढीचे उत्तम बीज खाटकाकडे जाते आणि हलके बीज कळपात राहते. ही निवडच आहे, परंतु उलटी.

यामुळे होणारे नुकसान किती, ते एका साध्या हिशेबावरून कळेल. समजा, एका कळपातील नर कोकरांचे तीन महिन्यांचे सरासरी वजन १२ किलो आहे. त्यांतील एक कोकरू १५ किलोंचे व एक १० किलोंचे आहे. वजनातील फरकाचा शेकडा २० भाग आनुवंशिक धरला, तर १५ किलोंच्या कोकराच्या ३ किलो आघाडीपैकी सुमारे ६०० ग्रॅम बीजाचे आहेत. बाप निम्मेच बीज देतो. म्हणून त्याच्या प्रत्येक संततीला सरासरीपेक्षा सुमारे ३०० ग्रॅम अधिक मिळतील. याच रीतीने १० किलोंचे कोकरू पैदाशीला ठेवल्यास प्रत्येक संततीत सुमारे २०० ग्रॅम घट येईल. दोहोंतील अंतर प्रत्येक कोकरामागे अर्धा किलो झाले.

अर्धा किलो ही गोष्ट वरवर पाहता लहान वाटते. परंतु एका नरापासून वर्षाला ४० कोकरे झाली, तर २० किलोंचा फरक पडतो. जे १५ किलोंचे कोकरू व्यापाऱ्याला दिले, त्याच्या वजनापेक्षाही अधिक वजन एका वर्षातच हातचे जाते. तो नर दोन वर्षे वापरला, तर नुकसान दुप्पट होते. शिवाय त्याच्या मुली कळपात राहतात व पुढील पिढीलाही तेच बीज देतात. चाऱ्यावर केलेला खर्च दर वर्षी पुन्हा करावा लागतो. चांगल्या नराचे बीज मात्र कळपात साठत जाते.

मेंढीपेक्षा नराच्या निवडीवर अधिक भर देण्याचे कारणही यातच आहे. एका मेंढीला वर्षाला एक किंवा फार तर दोन-तीन कोकरे होतात. एका नरापासून मात्र सगळ्या कळपाची कोकरे होतात. नर म्हणजे अर्धा कळप, असे जे म्हणतात, ते या दृष्टीने अक्षरशः खरे आहे.

नराची निवड कशी करावी?

निवडीसाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. एक टांगता काटा, कोकराला ठेवण्यासाठी कापडाची झोळी, कानात घालावयाचे क्रमांकाचे बिल्ले आणि एक वही एवढे साहित्य पुरे होते. कळप स्थलांतरावर असला, तरी ही सामग्री सहज बरोबर नेता येते. कोकरू जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत त्याचा क्रमांक, जन्मतारीख, नर किंवा मादी, एकटे किंवा जुळे, आईचा क्रमांक व वेत आणि जन्मवजन यांची नोंद करावी. त्यानंतर तीन महिन्यांच्या सुमारास व पुन्हा सहा महिन्यांच्या सुमारास वजन घ्यावे. वजन सकाळी, कळप चरावयास सोडण्यापूर्वी घ्यावे. कारण चरून व पाणी पिऊन आलेल्या कोकराचे वजन फसवे असते.

सर्व कोकरांचे वय त्या दिवशी सारखे नसते, म्हणून वजने एकाच वयावर आणावीत. रीत अशी : आजच्या वजनातून जन्मवजन वजा करावे, बाकीला वयाच्या दिवसांनी भागावे, आलेल्या रोजच्या वाढीला ९० ने गुणावे आणि त्यात जन्मवजन मिळवावे. उदाहरणार्थ, ३ किलो जन्मवजनाचे एक कोकरू १०० दिवसांनी १५ किलो भरले. त्याची रोजची वाढ १२० ग्रॅम आणि ९० दिवसांचे वजन १३.८ किलो येते. तेवढ्याच जन्मवजनाचे दुसरे कोकरू ८० दिवसांनी १३.४ किलो भरले. त्याची रोजची वाढ १३० ग्रॅम आणि ९० दिवसांचे वजन १४.७ किलो येते. डोळ्यांना पहिले कोकरू थोर दिसते. वस्तुतः दुसरे सरस आहे.

तुलना करताना नराची तुलना नराशी, जुळ्याची जुळ्याशी व पहिलटकरणीच्या कोकराची तशाच कोकराशी करावी. तसे न केल्यास जुळ्यांत जन्मलेली चांगली कोकरे नेहमी मागे पडतील आणि जुळी देणाऱ्या मेंढ्यांचे रक्त नकळत कळपातून जाईल. या तुलनेत पुढे असलेले दोन-तीन नर सहा महिन्यांचे होईपर्यंत कोणत्याही भावाने विकू नयेत. सहा महिन्यांच्या वजनानंतर त्यांतील सर्वोत्तम नर ठेवून बाकीचे विकावेत. उरलेले नर कळपात मोकळे राहू देऊ नयेत. ती कोकरे वयात येताच मेंढ्या फळवितात व केलेली निवड वाया जाते. म्हणून ती विकावीत किंवा वेळीच खच्ची करावीत.

वजनाबरोबर नराचे पाय, खूर, दात व वृषण निर्दोष असल्याची खात्री पशुवैद्याकडून करून घ्यावी. चालण्यात अडखळणारा नर कितीही वजनदार असला, तरी रोज मैलोगणती चालणाऱ्या कळपाला तो उपयोगी नाही.

नात्यातील संयोग टाळावा

एकच नर तीन-चार वर्षे कळपात राहिला, तर तो स्वतःच्याच मुलींना फळवितो. अशा बाप-मुलीच्या संयोगातून झालेल्या कोकरात नात्यातील रक्ताचे प्रमाण शेकडा २५ होते. सावत्र भावंडांच्या संयोगात ते शेकडा १२.५ असते. असे रक्त वाढले की जन्मवजन घटते, वाढ मंदावते व कोकरांच्या मरतुकीचे प्रमाण वाढते. त्यामुळे दोन वर्षांनी नर बदलणे आवश्यक आहे. तो विकण्याऐवजी दुसऱ्या गावच्या मेंढपाळाशी त्याची अदलाबदल करावी. म्हणजे त्याच्या चांगल्या बीजाचा लाभ दोन्ही कळपांना मिळेल.

बीज आणि भरण

चांगले बीज खडकावर पेरले, तर पीक येत नाही. मेंढ्यांचेही तसेच आहे. जलद वाढण्याचे गुण असलेल्या कोकराला दूध व चारा कमी पडला, तर त्याचे गुण दिसतच नाहीत. म्हणून गाभण व दुभत्या मेंढीला पूरक खाद्य, कोकराला चीक, वेळेवर जंताचे औषध व आंत्रविषाराची लस यांची जोड निवडीला द्यावीच लागते.

त्याचप्रमाणे ‘मोठे तेवढे चांगले’ हा समजही बरोबर नाही. मोठ्या मेंढीला चाराही अधिक लागतो. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी उंच, लांब मानेची व जलद वाढणारी म्हणून नावाजलेली आहे आणि तिचे नर दूरवर नेले जातात. मात्र नर घेताना केवळ नाकाचा बाक, रंग व उंची पाहून मोठी किंमत मोजू नये. आईचे दूध, त्याचे स्वतःचे वजन व भावंडांची वाढ यांची चौकशी करावी. आपल्या भागातील चारा-पाण्यावर जो नर वाढून दाखवितो, तोच आपल्या कळपाला हितकारक होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे साहाय्य

एकट्या मेंढपाळाचा कळप लहान असतो. त्यातील दहा-बारा नर कोकरांमधून निवड करण्यास फारसा वाव नसतो. गावातील चार-पाच मेंढपाळ एकत्र आले, एकाच पद्धतीने वजने घेऊ लागले व चांगले नर आपसांत वापरू लागले, तर निवडीला पन्नास-साठ कोकरे मिळतात. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात रॉबर्ट बेकवेल या शेतकऱ्याने आपले मेंढे विकण्याऐवजी हंगामापुरते भाड्याने दिले. त्यामुळे निरनिराळ्या कळपांत त्यांची संतती कशी निपजते, हे त्याला पाहता आले आणि उत्तम ठरलेला नर परत आणून स्वतःच्या कळपात वापरता आला. कोणतीही प्रयोगशाळा नसताना केवळ निरीक्षण व काटेकोर निवड यांच्या बळावर त्याने जलद वाढणाऱ्या मेंढ्यांची जात तयार केली.

असा मेळ घालून देणे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम आहे. काटा व बिल्ले मिळवून देणे, पहिल्या हंगामात वजने घेण्यास व वही भरण्यास मदत करणे, ९० दिवसांच्या वजनाचा हिशेब करून दाखविणे, नरांच्या अदलाबदलीची नोंद ठेवणे या गोष्टी त्यांनी आपल्याकडे घ्याव्यात. चांगले नर हवे असल्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांकडे अथवा जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयाकडे चौकशी करावी.

मेंढपाळाला पैशाची निकड असते तेव्हा ‘हे कोकरू विकू नका’ असे नुसते सांगून भागत नाही. त्याच्या वहीतील आकडे त्याच्यापुढे मांडावेत. व्यापाऱ्याला द्यावयाचे असेल, तर यादीतील दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या पुढील कोकरे द्यावीत आणि पहिली दोन-तीन राखावीत, असा मार्ग सुचवावा. एवढे पथ्य दर वर्षी पाळले, तर कळपाचे बीज घसरण्याचे थांबेल व हळूहळू सुधारू लागेल. पुढच्या हंगामात कोकरे जन्मतील, तेव्हा त्यांच्या कानात बिल्ला आणि वहीत पहिली नोंद असावी, एवढा निश्चय मेंढपाळ बंधूंनी आजच करावा.